दर्शनी दार व पायऱ्या

नवें घर बांधणाऱ्या गृहस्थाचें सर्वांत अधिक लक्ष दर्शनी भागाकडे असतें, आणि पुष्कळ चुकाही तेथेंच होतात. घर रस्त्यावरून कसें दिसेल याचा विचार होतो. त्यांत जाणेंयेणें कसें होईल याचा होत नाहीं. तरुण मनुष्य कसल्याही पायऱ्या चढून जातो. पायऱ्यांची खरी परीक्षा करितात ते घरांतले आजोबा, आणि कडेवर मूल घेतलेली सून. यांच्या पावलानें पायऱ्या मापाव्या, एवढेंच आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

सातारा जिल्ह्यांतील पाटणचें उदाहरण घेऊं. कोयना व केरा यांच्या संगमावरील हें गांव डोंगरांनीं वेढलेलें. पावसाळा येथें ठाण मांडून बसतो. म्हणून जोतें उंच हवें, आणि जोतें उंच म्हणजे पायऱ्या आल्याच. जोतें २ फूट धरिलें तर २४ इंच चढावयाचे. पायऱ्या विषम असाव्या, म्हणजे उजव्या पायानें आरंभ करून उजव्याच पायानें वर पोंचतां येतें, असा आपल्याकडे संकेत आहे. तो पाळण्यासाठीं कित्येक जण ओसरी धरून तीनच पायऱ्या काढितात, व प्रत्येकीची उंची ८ इंच होऊन बसते. गुडघे दुखणाऱ्यास ती फार होते. त्याऐवजीं पांच काढाव्या. उंची ५ इंचांच्या आंत येते आणि संकेतही राहतो. फ्रेंच स्थापत्यविशारद ब्लाँदेल यानें सतराव्या शतकांत असा नियम दिला कीं, पायरीच्या उंचीची दुप्पट व तिची रुंदी मिळून माणसाच्या एका पावलाचें अंतर व्हावें. आजही तें २४ ते २५ इंच धरितात. त्या हिशोबानें येथें रुंदी १४ ते १५ इंच ठेवावी.

सर्व पायऱ्यांची उंची मात्र समान हवी. ओसरीवर मागाहून फरशी बसविली कीं वरची पायरी उंच होते. अंगणांत बसविली कीं खालची बुटकी होते, आणि पाय नेमका तेथेंच अडखळतो. फरशीची जाडी आधींच हिशोबांत धरावी.

गुळगुळीत ग्रॅनाइट दिवाळींत शोभतो आणि आषाढांत पाडतो. टांकीनें खडबडीत ठेवलेला काळा दगड बरा. प्रत्येक पायरीस बाहेरच्या अंगास पाव इंच उतार द्यावा, म्हणजे पाणी सांचून शेवाळ धरणार नाहीं. पाऊस येथें नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो. तेव्हां पूर्वेचें दार प्रशस्त मानण्याची रूढि सोयीचीही ठरते. रस्ता पश्चिमेसच असेल तर पुढें खोल पडवी काढावी, व पागोळ्या पायऱ्यांवर न पडूं देतां पन्हळीनें बाजूस न्याव्या.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे चारच्या पुढें कोयनेचा भूकंप झाला तो याच तालुक्यांत. सुमारें पावणेदोनशें माणसें दगावलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती निजलेल्यांवर कोसळल्या. अशा वेळीं दर्शनी दार हीच सुटकेची वाट. म्हणून त्यावर दगडी कमान किंवा जड सज्जा घालूं नये. दारेंखिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींभोंवतीं सळ्या घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा फिरवावा. आणि पायऱ्या अशा असाव्या कीं अंधारांतही त्या पावलांस पाठ असतील.

चाकाच्या खुर्चीसाठीं उतरण करावयाची तर १ फूट चढास १२ फूट लांबी लागते. म्हणजे आपल्या जोत्यास २४ फूट. एवढी जागा क्वचितच मिळते. पण घर उतारावर असेल तर डोंगराकडील जमीन जोत्याच्या जवळ येते. तिकडे एक दार ठेविल्यास लहानशी उतरण पुरते. मात्र वरून येणारें पाणी वळविण्यास पुढें चर हवा. त्या दाराचा उंबरठा अर्ध्या इंचाहून उंच नसावा. पूजा अर्ध्या इंचाच्या उंबरठ्याचीही होऊं शकते.

गवंड्याशीं ठराव करण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांस ओळखीच्या दोनचार घरांच्या पायऱ्या चढावयास न्यावें. जेथें त्यांचा हात भिंतीकडे गेला नाहीं, त्या पायऱ्यांचें माप घेऊन यावें. नकाशावर आधीं तें घालावें. नक्षी व रंग मागाहून ठरवावे.