कलाशाळा कशासाठी? : काही आक्षेपांचे खंडन आणि एका दाव्याचे मंडन

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेत फिओरेलो लागार्डिया यांच्या नावाने चालणारी, संगीत, दृश्यकला आणि प्रयोगात्म कला यांना वाहिलेली एक माध्यमिक शाळा आहे. नववी ते बारावी अशी चार वर्षे तिथले विद्यार्थी इतर कोणत्याही शाळेप्रमाणे गणित, विज्ञान, इतिहास आणि भाषा हे विषय शिकतात, राज्याच्या परीक्षा देतात, आणि त्याच वेळापत्रकात दिवसाचा मोठा भाग नृत्य, नाट्य, कंठसंगीत, वाद्यसंगीत, दृश्यकला किंवा रंगतंत्र (म्हणजे नेपथ्य, प्रकाश, ध्वनी, वेशभूषा यांचे तंत्र) यांपैकी एका शाखेला देतात. शाळेच्या बोलीत या शाखेला ‘स्टुडिओ’ म्हणतात. प्रवेश ऑडिशनने होतो : नर्तकाने नाचून, गायकाने गाऊन, चित्रकाराने स्वतःच्या चित्रांचा संग्रह दाखवून आपली पात्रता सिद्ध करायची असते. शाळा सरकारी असल्यामुळे फी नाही. अशा शाळेवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा, हा वाद जुना आहे; आणि त्या वादात शाळेच्या विरोधकांइतकेच तिचे समर्थकही चुकत आले आहेत, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

वाद समजण्यासाठी शाळेचे दुहेरी कुळ ध्यानात घ्यावे लागते. महामंदीच्या काळात, 1936 साली, शहराचे महापौर लागार्डिया यांनी ‘हायस्कूल ऑफ म्युझिक अँड आर्ट’ सुरू केले. लागार्डिया यांचे वडील अमेरिकन लष्करात बँडमास्तर होते, आणि संगीत ही केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यात शोभणारी गोष्ट नाही हे त्यांना घरातच कळले होते. गुणी मुलांना चांगल्या सर्वसाधारण शिक्षणाबरोबर कलेचे कसून शिक्षण मिळावे, एवढाच या शाळेचा हेतू होता. प्रत्येकाने पुढे कलावंतच व्हावे अशी अट तिने घातली नाही. दुसरी शाळा, ‘स्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्स’, 1948 मध्ये मॅनहॅटनच्या 46 व्या रस्त्यावर, नाट्यगृहांच्या वस्तीत उघडली. तिची कल्पना फ्रँकलिन केलर या व्यवसायशिक्षणाच्या पुरस्कर्त्या शिक्षकाची, आणि तिचा हेतू उघडपणे व्यावसायिक होता : सुतारकाम किंवा छपाई शिकवणारी शाळा असू शकते, तर नृत्य आणि अभिनय शिकवणारी का नसावी? 1961 मध्ये या दोन शाळा कागदोपत्री एक झाल्या आणि 1984 मध्ये लिंकन सेंटरशेजारच्या नव्या इमारतीत प्रत्यक्षात एकत्र आल्या. एका घरात दोन हेतू नांदत असल्यामुळेच या शाळेवरचे आक्षेपही दोन उलट दिशांनी येतात : एक पक्ष म्हणतो की ती पुरेसे कलावंत घडवत नाही, दुसरा म्हणतो की ती मुलांना फार लवकर कलावंत बनवू पाहते.

आधी समर्थकांकडे वळणे भाग आहे, कारण कच्च्या समर्थनाने पक्षाचे जेवढे नुकसान होते तेवढे विरोधानेही होत नाही. पहिले समर्थन प्रसिद्ध माजी विद्यार्थ्यांच्या यादीचे असते, आणि ती यादी भारून टाकणारी आहे यात शंका नाही. परंतु ऑडिशन घेऊन निवडलेल्या मुलांपैकी काही पुढे नावारूपाला आली, एवढ्यावरून ती शाळेमुळे आली असे सिद्ध होत नाही. शिवाय ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत अशा हजारो विद्यार्थ्यांना त्या चार वर्षांनी काय दिले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि सार्वजनिक शाळेने ज्याचे उत्तर द्यायचे तो प्रश्न नेमका तोच आहे. दुसरे समर्थन अधिक शास्त्रीय वाटते : कला शिकल्याने बुद्धी तल्लख होते, गणिताचे गुण वाढतात. या समजुतीचा एक उगम 1993 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या एका छोट्या प्रयोगात आहे. मोझार्टचे संगीत काही मिनिटे ऐकल्यावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अवकाशविषयक कोडी सोडवण्याची कामगिरी अल्पकाळ सुधारली, एवढेच त्यात दिसले होते. त्यावरून लहान मुलांची बुद्धी वाढते असा निष्कर्ष लोकांनी आपल्या पदरचा जोडला. पुढे 2000 साली एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी कलाशिक्षण आणि इतर विषयांतील यश यांच्या संबंधावरील उपलब्ध संशोधनाचा एकत्रित हिशेब मांडला, तेव्हा कला शिकल्यामुळे गुण वाढतात असा कार्यकारणाचा पुरावा बहुतेक बाबतींत मिळाला नाही. कलेचे हित चिंतणाऱ्या या दोन संशोधकांनी हा नकोसा निष्कर्ष लपवला नाही, ही गोष्ट आदराने नोंदवायला हवी. गणितासाठी नृत्य शिकवायचे असेल तर गणितच अधिक शिकवावे, असे विरोधक म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर असेल.

आता पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, त्याच्या बळकट रूपात पाहू. पहिला आक्षेप असा की कला वर्गात शिकवता येत नाही. ती गुरूच्या सहवासात, तालमीत, अनुकरणातून येते, आणि घंटेच्या तालावर चालणारी शाळा तिचा जीव घेते. महाराष्ट्राला हा आक्षेप अपरिचित नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले, अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षा आणल्या, तेव्हा घराण्याची विद्या फळ्यावर लिहून दिली जाते अशी टीका झाली आणि ती आजही होते. त्या टीकेत तथ्याचा अंश आहे : परीक्षेच्या चौकटीत बसवलेला राग अनेकदा आरोह-अवरोहाचा सांगाडा उरतो. पण पलुस्करांनीही अध्यापक घडवण्यासाठी ‘उपदेशक वर्ग’ चालवला, त्यात विद्यार्थी अनेक वर्षांच्या करारावर गुरूजवळ राहून शिकत, आणि विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर हे त्याच परंपरेतून आले. म्हणजे खरा भेद शाळा आणि गुरू यांच्यात नसून, आठवड्याला एक तासिका आणि रोजची तालीम यांच्यात आहे. कलाशाळेचे वेगळेपण तालमीच्या या वेळात आहे. जिथे हा वेळ नाही तिथे गुरूही कमी पडतो.

दुसरा आक्षेप वयाचा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आयुष्याची दिशा ठरवायला लावणे अन्याय्य आहे, असे पालक म्हणतात आणि त्यांची काळजी खरी असते. तथापि शरीर हे ज्यांचे वाद्य आहे अशा कलांना प्रौढपणी सुरुवात करून चालत नाही. बॅले नर्तकाची घडण किशोरवयातच होते, आणि व्हायोलिनवर बोटे वळवण्याचे कामही विशीनंतर कठीण जाते. त्यामुळे निर्णय लांबवणे म्हणजे दार उघडे ठेवणे, हे येथे खरे नाही. लांबवल्याने ते दार मुकाट्याने बंद होते. उलट दिशेचे दार मात्र बंद होत नाही, कारण बाकीचे सर्व विषय पूर्ण शिकूनच विद्यार्थी बाहेर पडतो. जुन्या म्युझिक अँड आर्ट शाळेतून शिकलेल्या बेस मायरसन पुढे न्यूयॉर्क शहराच्या ग्राहकहिताच्या आयुक्त झाल्या, चार्ल्स ग्वाथमी वास्तुकार झाले. उपजीविकेविषयीचा आक्षेपही याच उत्तरात विरतो, त्यामुळे त्याचा वेगळा परामर्श घेण्याचे कारण नाही. माध्यमिक शाळेत रसायनशास्त्र शिकणारी सगळी मुले रसायनशास्त्रज्ञ होत नाहीत, आणि त्यासाठी प्रयोगशाळा बंद करा असे कोणी म्हणत नाही.

मग कलाशाळा नेमके काय देते? हेटलंड आणि विनर यांनी शर्ली वीनेमा आणि किंबर्ली शेरिडन यांच्यासह गुणांचा प्रश्न बाजूला ठेवून, मॅसॅच्युसेट्समधील दोन कलाशाळांच्या, बॉस्टन आर्ट्स अकॅडमी आणि वॉलनट हिल यांच्या, चित्रकलेच्या वर्गांत बसून तिथे प्रत्यक्ष काय शिकवले जाते ते टिपले, आणि 2007 मध्ये ‘स्टुडिओ थिंकिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांना दिसलेला वर्ग असा : शिक्षक थोडा वेळ काही करून दाखवतो, मग विद्यार्थी दीर्घकाळ काम करतात आणि शिक्षक एकेकाजवळ जाऊन बोलतो, आणि मधूनमधून काम थांबवून सगळ्यांची चित्रे भिंतीवर लावून त्यांवर चर्चा होते. या चर्चेला ‘क्रिटिक’ म्हणतात. तिच्यात अपुरे चित्र सर्वांसमोर ठेवावे लागते, त्यातले काय साधले आणि काय निसटले हे स्वतः सांगावे लागते, दुसऱ्याचे ऐकावे लागते आणि मग त्याच चित्राकडे परत जावे लागते. त्या वर्गांत घडणाऱ्या आठ सवयी संशोधकांनी नोंदवल्या : कसब कमावणे, काम चिकाटीने रेटणे, डोळ्यांपुढे नसलेले कल्पनेत पाहणे, आशय व्यक्त करणे, बारकाईने निरीक्षण करणे, स्वतःच्या कामाचे परीक्षण करणे, चुकण्याची तयारी ठेवून पुढे सरकणे आणि कलेचे जग जाणणे. सर्वसाधारण शाळेत चूक ही गुण कापण्याची जागा असते, आणि उत्तरपत्रिका परत मिळाली की विषय संपतो. क्रिटिकमध्ये चूक ही कामाची पुढची पायरी ठरते. ही गोष्ट तोंडी उपदेशाने शिकवता येत नाही. समूहगायनात किंवा वाद्यवृंदात तिचे दुसरे रूप दिसते : स्वतःचा सूर बरोबर असूनही शेजाऱ्याशी जुळला नाही तर तो चुकीचा ठरतो, हे ज्ञान मुलाला कानाने होते, आणि कानाने झालेले ज्ञान विसरत नाही.

या लाभाचे मोजमाप टक्क्यांत होत नाही, आणि ते करू गेल्यास काय होते याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. दहावीच्या निकालात चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी, शास्त्रीय आणि लोककलांसाठी वाढीव गुण देण्याची पद्धत सद्भावनेने आणली गेली. पण गुण हाच हेतू झाला की ग्रेड मिळाल्यावर रंगपेटी माळ्यावर जाते, आणि पालकाच्या लेखी तबला हा अकरावीच्या प्रवेशाचा एक टेकू उरतो. कलेला शाळेत मान देण्याचा मार्ग तिला वेळ देणे हा आहे, गुण देणे हा नव्हे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला सोपे उत्तर नाही. ऑडिशन ही प्रतिभेची चाचणी म्हणवते, पण प्रत्यक्षात ती बऱ्याच अंशी आधीच्या शिकवणीची चाचणी असते. ज्या घरात सहाव्या वर्षी पियानो येतो आणि शनिवारी नृत्याचा वर्ग असतो, त्या घरातले मूल तयार होऊन येते. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे जे प्रमाण आहे, त्याच्या तुलनेत लागार्डिया शाळेतले त्यांचे प्रमाण कितीतरी कमी आहे. हे सत्य शाळेच्या समर्थकाने टाळू नये. मात्र त्याचे कारण शोधताना नजर शाळेच्या दारापाशी न थांबता मागे जायला हवी. 1975 च्या आर्थिक संकटात न्यूयॉर्कने हजारो शिक्षकांना कमी केले, आणि संगीत व चित्रकलेचे शिक्षक त्यात मोठ्या प्रमाणावर गेले. 1997 मध्ये ‘प्रोजेक्ट आर्ट्स’ या योजनेने शाळांना केवळ कलाशिक्षणासाठी राखीव निधी दिला, तर 2007 मध्ये ते आरक्षण काढून घेण्यात आले. प्राथमिक शाळेतली पेटी आणि ब्रश काढून घेतल्यावर, ऑडिशनच्या रांगेत कोण उभे राहील हे आठ वर्षे आधीच ठरलेले असते. रांगेच्या टोकाशी असलेली शाळा मोडल्याने रांग न्याय्य होत नाही. शिकवणीचे पैसे भरू शकणारे खाजगी संस्थांत जातात आणि बाकीच्यांचे एक विनामूल्य ठिकाण नाहीसे होते.

ऑडिशनऐवजी शालेय गुणांवर अधिक भर द्यावा, असा उपायही सुचवला जातो, आणि तो रोगापेक्षा वाईट आहे. राज्याच्या 1971 च्या कायद्याने विज्ञानप्रधान शाळांचा प्रवेश एका लेखी परीक्षेवर बांधला, पण कलाशाळेसाठी कलेची स्पर्धात्मक चाचणी आणि ‘समाधानकारक’ शालेय प्रगतीचा पुरावा, एवढेच मागितले. समाधानकारक म्हणजे सर्वोच्च नव्हे. 2019 मध्ये शाळेच्या शेकडो विद्यार्थ्यांनी दालनांत ठिय्या दिला, तो प्रवेशात आणि कारभारात कलेपेक्षा गुण व हजेरी यांना अधिक वजन दिले जात असल्याच्या तक्रारीवरून. त्या मुलांनी कायद्यातला तो एक शब्द मोठ्यांपेक्षा नीट वाचला होता. गुणांची चाळणी लावली की आर्थिक विषमता दोनदा मोजली जाते, एकदा कलेच्या शिकवणीत आणि पुन्हा गणिताच्या शिकवणीत.

ऑडिशन घेणाऱ्याला तयारी आणि शक्यता यांतला फरक ओळखता येतो, याचा दाखला शाळेच्याच इतिहासात आहे. हार्लेममधल्या गरीब घरातला आर्थर मिचेल बॅलेचे कोणतेही शिक्षण नसताना परफॉर्मिंग आर्ट्स शाळेत गेला, कारण त्याच्या शाळेतल्या एका समुपदेशकाने त्याचे नाचणे पाहून तिकडचा रस्ता दाखवला, आणि त्याने परीक्षकांपुढे टॅप नृत्य सादर केले. परीक्षकांनी त्याला काय येत नाही ते मोजले नाही. 1955 मध्ये तो न्यूयॉर्क सिटी बॅलेत दाखल झाला आणि त्या मंडळाच्या प्रमुख नर्तकांत स्थान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय नर्तक ठरला. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर तो हार्लेमला परतला आणि कॅरेल शूक यांच्यासह 1969 मध्ये त्याने डान्स थिएटर ऑफ हार्लेमची स्थापना केली; सुरुवातीचे वर्ग एका गॅरेजमध्ये भरत, आणि आत काय चालले आहे ते रस्त्यावरच्या मुलांना दिसावे म्हणून गॅरेजचे दार उघडे ठेवलेले असे.