रोपवाटिका टाकण्याआधी वही घाला



लागणीची नोंद द्यावयास गट कार्यालयात येणारी तरुण मंडळी अलीकडे आम्हांस एकच प्रश्न विचारतात. "साहेब, उसाची रोपवाटिका टाकावी म्हणतो, चालंल का?" विचारणाऱ्याचे घरी बहुधा तीन-चार एकर बागायत, भाऊ दोघे, आणि नोकरीचे अर्ज करून थकलेला हा धाकटा. वाटणीनंतर नुसत्या उसावर दोन चुली पेटणार नाहीत, हे त्यालाही कळते. म्हणून हा प्रश्न आम्ही हलक्यावारी घेत नाही. आमचे उत्तर असे, की धंदा चांगला आहे, पण ज्याला रोज वही लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

चांगला का, ते थोडक्यात. दोन डोळ्यांच्या टिपरीची लागण केली तर एकरी दहा हजार टिपरी लागतात. बेणे टनावारी तोडावे, वाहावे लागते. रोपांची लागण पाच फूट सरी व दीड फूट अंतर धरून केली तर एकरात ५,८०८ रोपे बसतात. नांग्या भरण्यास थोडी जास्त धरली तरी सहा हजारांत काम भागते. रोप महिना-सव्वा महिना ट्रेमध्येच वाढत असल्याने तेवढे दिवस रानाचे पाणी वाचते. सबब गिऱ्हाईक आहे, आणि ते आपल्याच शिवारात आहे.

आता अडचण कोठे येते ते सांगतो. शेडनेट, ट्रे, कोकोपीट, डोळे काढण्याचे यंत्र ही सामग्री पैसे टाकले की मिळते. ट्रे भरून चार-पाच दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवणे, कोंब दिसले की मांडणे, झारीने पाणी देणे हे काम घरची माणसे आठ दिवसांत शिकतात. हिशेब मात्र कोणी शिकवत नाही. त्यातून रोप हा नाशवंत माल. साखर गोदामात राहील, गूळ माळ्यावर राहील, पण रोप दीड महिन्याच्या पुढे गेले की मुळ्या कपात गुंडाळतात. पाला छाटून आठ-दहा दिवस ओढता येतात, त्याहून जास्त नाही.

सन २०२३ चा पावसाळा आपण कोणी विसरलेलो नाही. जूनमध्ये पाऊस लांबला आणि ऑगस्ट कोरडा गेला. आमचे परिचयातील एका सभासदाने त्या वर्षी मे महिन्यात तोंडी शब्दावर वीस एकरांची रोपे धरली. कोणी पारावर सांगितले, कोणी लग्नात सांगितले, "माझी पाच एकर धर." सव्वातीन हजारांवर ट्रे भरले. पैकी निम्मे भांडवल घरातल्या दागिन्यांवर उचललेले. जुलैत विहिरींना पाणी नाही, तेव्हा गिऱ्हाईक म्हणू लागले, "थांब जरा, पाऊस होऊ दे." लागणी लांबल्या, कित्येकांनी त्या वर्षी आडसाली केलीच नाही. शेवटी आठ एकरांची रोपे गेली आणि बारा एकरांची उकिरड्यावर पडली. लोक खोटे बोलले असे आम्ही म्हणणार नाही. पाणीच नव्हते तर ते काय लावणार? पण त्यांच्यापैकी एकानेही रुपया अडकविलेला नव्हता, त्यामुळे थांबणे त्यांना फुकट पडले. आणि येथे आमचीही चूक कबूल केली पाहिजे. मे महिन्यात त्याने आम्हांस विचारले तेव्हा "माल खपेल, भरा ट्रे" असे आम्हीच म्हणालो होतो. इसार घेतलास का, हे विचारावयाचे आम्हांस सुचले नाही.

म्हणून पहिला नियम, इसारावाचून डोळा कपात पडू द्यायचा नाही. आमचे मते चौथाई रक्कम आधी घ्यावी, रोपे उचलण्याची तारीख वहीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी, आणि त्या तारखेनंतर आठ दिवसांत न नेल्यास रोपे दुसऱ्यास देण्यात येतील हेही तेथेच लिहावे. भावकीत सही मागणे जड जाते, खरे आहे. आमचेकडील एका महिला बचत गटाने थोड्या ट्रेवर हे काम सुरू केले. त्यांच्या अध्यक्षीणबाईंस आम्ही विचारले, की नात्यातले लोक रागावत नाहीत का? त्या म्हणाल्या, "रागावत्यात की. पण ज्यानं पैसे दिलेत त्याची रोपं आधी. भाऊ असला तरी." हा गट अद्याप चालू आहे.

दुसरी गोष्ट भावाची. रोपाचा भाव शेजारच्या रोपवाटिकेचा ऐकून ठरविण्याची रीत आहे, ती सोडावी. समजा डोळा, कोकोपीट, मजुरी, पाणी, औषध, ट्रेची झीज आणि कर्जाचे व्याज धरून एका कपाचा खर्च १ रुपया ७० पैसे आला. (आकडा केवळ गणितासाठी घेतला आहे, आपला आपण काढावा.) शंभर कपांत विकाऊ रोपे पंच्याऐंशी निघाली, तर रोपाचा खर्च १ रुपया ७० पैसे नव्हे, पुरे २ रुपये झाला. एकराची सहा हजार रोपे द्यावयाची तर ४२ कपांचे १४३ ट्रे पुरणार नाहीत, १६९ भरावे लागतील. आणि घरच्या बाईची व पोराची मजुरी हिशेबात धरावी. ती धरत नाहीत म्हणून पुष्कळांना नफा झाल्यासारखा वाटतो.

आता उधारी. तेच रोप अडीच रुपयांस विकले तर पन्नास पैसे सुटतात. पाच रोपे विकून एकाचे पैसे बुडाले, तर चार रोपांचे दहा रुपये आले आणि पाच रोपांचा खर्चही दहाच. म्हणजे पाचात एक उधारी बुडाली की सगळा नफा गेला. "ऊस गेल्यावर देतो" हा शब्द आपल्याकडे गोड वाटतो, पण आडसाली ऊस तोडणीस येण्यास सोळा ते अठरा महिने लागतात. जुलैत दिलेल्या रोपाचे पैसे पुढल्याच्या पुढल्या वर्षी! तोवर व्याज कोण भरणार? यावर आमची सूचना अशी, की गिऱ्हाइकाने लेखी संमती दिली असेल तर बाकी रक्कम ऊस बिलातून कापून देण्याची सोय कारखान्याने करावी. मात्र उरलेली रोपे कारखान्याने विकत घ्यावीत ही जी मागणी होते, तिला आमचा विरोध आहे. तसे झाले तर इसार कोणी घेणार नाही आणि फेकलेल्या रोपांचा भार सर्व सभासदांवर पडेल. हे आमचे मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे.

बेण्याबद्दल एवढेच, की गाळपास चाललेल्या उसाचे डोळे काढू नयेत. नऊ ते अकरा महिन्यांचा बेणेमळा, तोही प्रमाणित बेण्याचा, असावा. को ८६०३२ म्हणून भलतेच देणारे आम्ही पाहिले आहेत. गवताळ वाढ किंवा काणी बेण्याबरोबर गेली तर ती काही महिन्यांनी दिसते, खोडव्यात आणखी फोफावते, आणि ते रान आपल्याच चुलत्याचे असते.

आडसाली, पूर्वहंगामी आणि सुरू अशा तीनच वेळा रोपांना मागणी येते. मधल्या काळात शेडनेट रिकामे ठेवू नये. मिरची, टोमॅटो, झेंडू यांची रोपे करावीत. वर सांगितलेला बचत गट दसऱ्याचा झेंडू धरून आधीच ऑर्डरी घेतो. पहिल्या वर्षी दोन-तीन एकरांपुरतेच ट्रे भरावेत, कर्ज शेडनेटपुरते काढावे आणि खेळते भांडवल इसारातून उभे करावे.

इसार वहीचा एक नमुना आम्ही आखून प्रत्येक गट कार्यालयात ठेवला आहे. सुरू लागणीची रोपे धरणारांनी ट्रे भरण्यापूर्वी आपली वही घेऊन आमचे विभागाकडे एकदा यावे. बेणेमळा आम्ही समक्ष येऊन पाहू.