जुन्या किटला किती गुण?

गेल्या वार्षिक प्रदर्शनात मॉडेल विभागाचा परीक्षक मी होतो. शेवटी दोन मोटारी उरल्या. एक नव्या किटची, आरशासारखी झळकणारी. दुसरी एका कॅडेटने आजोबांच्या ट्रंकेत सापडलेल्या किटमधून उभी केलेली: एअरफिक्सची १/१२ प्रमाणातली सुपरचार्जर बेंटली. हे किट बाजारात आलं १९७१ साली. मी पहिला क्रमांक नव्या मोटारीला दिला. तेलीबागेतल्या घरी पोहोचेपर्यंत मनाला एकच गोष्ट टोचत राहिली. निकाल कदाचित बरोबरही असेल, पण तो मी मोजून दिला नव्हता.

जुन्या किटबद्दल दोनच मतं ऐकू येतात. एक, ‘जुनं ते सोनं’. दुसरं, ‘भंगार’. दोन्ही मतांना खोका उघडायची गरज पडत नाही. माझ्या मते खोका उघडून तीन प्रश्न विचारायला हवेत.

पहिला प्रश्न मापाचा. खऱ्या बेंटलीच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर १३० इंच, म्हणजे ३,३०२ मिलिमीटर. बाराने भागा: २७५. मॉडेलला पट्टी लावा. मग सुपरचार्जर पाहा. खऱ्या गाडीत तो बॉनेटखाली नसून रेडिएटरच्या पुढे, खालच्या बाजूला असतो. अशा गोष्टी जुळल्या, तर आराखडा करणाऱ्याने अभ्यास केला होता असं समजा. तो अभ्यास पन्नास वर्षांनी शिळा होत नाही.

दुसरा प्रश्न मोठ्या आकाराचा. ही मोटार फूटभरापेक्षा लांब आहे. लहान मॉडेलमध्ये डोळा जे माफ करतो, ते इथे करत नाही. मडगार्डची कड दीड मिलिमीटर जाड असेल, तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो अठरा मिलिमीटरचा पत्रा झाला! चांगला कारागीर ती कड आतून कानशीने घासून पातळ करतो. सुट्टीत अहिल्यानगरला गेलात, तर तिथल्या रणगाडा संग्रहालयातली रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट चिलखती मोटार जवळून पाहा. पत्र्याची कड आणि रिव्हेटची ओळ कशी दिसते, हे फोटोपेक्षा तिथे लवकर कळतं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: दोष कुणाचा? चुकीचा आकार हा आराखड्याचा दोष. सांध्याबाहेर आलेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा हा बहुधा झिजलेल्या किंवा नीट न मिटलेल्या साच्याचा. तो पात्याने निघतो. जाड भागावरचे खळगे पुट्टीने भरतात. आणि पिवळी पडलेली डेकल्स, किंवा मऊ टायर वर्षानुवर्षं टेकून राहिल्याने विरघळलेलं चाक? तो दोष काळाचा आणि आपल्या माळ्यावरच्या उकाड्याचा. किटचा कायमचा कमीपणा फक्त पहिल्या दोषात असतो. बाकीचे दोष म्हणजे जोडणाऱ्यापुढचं काम.

कुणी म्हणेल, प्रदर्शनात जे दिसतं त्यालाच गुण. मान्य. उघडी राहिलेली फट ही फटच, ती वयाने झाकत नाही. जुन्या किटला दयेचे गुण मी मागत नाही. पण नव्या किटमध्ये जे साच्यानेच करून दिलेलं असतं, ते जुन्या किटमध्ये मुलाच्या हाताला करावं लागतं. ते काम आपण मोजलंच नाही, तर मुलं उद्या सोपी किटंच निवडतील आणि दुरुस्ती शिकणार नाहीत. सैनिकी शाळेला हे परवडणारं नाही.

म्हणून माझी सूचना: पुढच्या वर्षी गुणपत्रिकेत दोन रकाने असावेत, एक किटचा आणि एक कारागिराचा. टेबलावर खऱ्या गाडीचा फोटो आणि व्हर्नियर कॅलिपर असावा. प्रत्येक कॅडेटने काय चुकीचं सापडलं आणि काय सुधारलं, याचं एक पान जोडावं. पालकांना एक विनंती. घरातला असा खोका भंगारवाल्याला देण्याआधी मुलाच्या हाती द्या, आणि सुटे भाग सूचनापत्रकाशी ताडून त्याच्याकडून मोजून घ्या.

त्या कॅडेटला बोलावून मी हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, डाव्या दाराजवळची फट मात्र माझीच आहे. तिचे गुण कापा.”