डीजेचे हात

परभणीत डीजे म्हटलं की मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती आठवतात. या अंकात आम्ही डीजेच्या हातांकडे पाहतो आहोत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३च्या पार्टीपासून हिप-हॉपचा जन्म मानतात. तिथे गाजलेल्या डीजे कूल हर्कने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटून-पालटून फिरवत नुसत्या तालाचा तुकडा हवा तितका लांबवला. त्या मोकळ्या जागेत शब्द शिरले, तेच रॅप. आज मुंबईच्या ‘स्वदेसी’ गटातला एमसी मवाली मराठीत रॅप करतो. या गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’ या गाण्यात मुंबईतल्याच आरेचे आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईरही गायले.

संत जनाबाईंचं गंगाखेड आपल्याच जिल्ह्यातलं. लयीत मन मोकळं करणं इथे जुनंच आहे, म्हणून ही रॅप करणारी पोरं आम्हाला आपली वाटतात. तुमच्या गावात कोण रॅप लिहितं, कोण ताल जुळवतं? जरूर कळवा.