तेराव्या महिन्याचा हिशेब

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली, यांच्या माननीय अध्यक्षांस,

विषय : 28 दिवसांचा महिना

मोबाइल कंपन्या 28 दिवसांना महिना ठरवून ग्राहकाकडून वर्षाकाठी तेरा रिचार्ज वसूल करतात, हे प्राधिकरणाला ठाऊक नाही असे म्हणण्याची सोय उरलेली नाही. कारण याच तक्रारींची दखल घेऊन प्राधिकरणाने 27 जानेवारी 2022 रोजी आदेश काढला आणि 30 दिवसांचा, तसेच दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा, किमान एकेक प्लॅन ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले. कंपन्यांनी तो एकेक प्लॅन इमानेइतबारे यादीत टाकला आणि बाकीची यादी होती तशीच ठेवली.

आदेशाची ही अंमलबजावणी जळगावजवळच्या नशिराबादेतील रिचार्जच्या दुकानात पाहण्याजोगी आहे. मजुरीहून परतणारी बाई मागचे झाकण रबराने बांधलेला बटणांचा फोन काउंटरवर ठेवून ‘इनकमिंग चालू करून दे रे भाऊ’ एवढेच म्हणते, दुकानदार न विचारता 28 दिवसांचे रिचार्ज मारतो आणि त्यासोबत येणारा डेटा तो फोन वापरूच शकत नसल्याने तसाच वाया जातो. 2018 च्या अखेरीस इनकमिंग चालू ठेवण्यासाठी किमान 35 रुपयांचे रिचार्ज सक्तीचे झाले; जुलै 2024 च्या दरवाढीत एअरटेलचा सर्वांत स्वस्त 28 दिवसांचा अमर्यादित कॉलचा प्लॅन 179 वरून 199 रुपयांवर गेला. बारा महिन्यांचे 2,388 रुपये होतात. तेरा रिचार्जचे 2,587, आणि तेही 364 दिवसांचे, म्हणजे 365 व्या दिवसासाठी चौदावे रिचार्ज. त्याच दरवाढीत जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा प्लॅन 299 रुपयांचा झाला, तर तेवढ्याच डेटाचा कॅलेंडर महिन्याचा प्लॅन 319 चा. पहिला तेरा वेळा मारल्यास 3,887 रुपये लागतात, दुसरा बारा वेळा मारल्यास 3,828. स्वस्त पडणारा प्लॅन दिसायला वीस रुपयांनी महाग ठेवण्यातील कौशल्य प्राधिकरणाच्या नजरेतून सुटले असावे, असे समजणे हा त्याच्या विद्वत्तेचा अवमान ठरेल. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची दिवसाची मजुरी 297 रुपये होती, म्हणजे या दोहोंपैकी एका रिचार्जलाही अपुरी.

खान्देशात वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरते, आणि त्यात तेरावा, म्हणजे अधिक मास आला तर तो सुमारे पावणेतीन वर्षांतून एकदा येतो व पंचांगात आधी छापलेला असतो. दूरसंचार क्षेत्राने तो दरवर्षी आणला आणि छापलाही नाही.

डेटा न वापरणाऱ्यांसाठी प्राधिकरणाने 23 डिसेंबर 2024 रोजी केवळ कॉल व एसएमएसची व्हाउचर सक्तीची केली, हे निःसंशय चांगले झाले. कंपन्यांनी मात्र ती 84 दिवसांना 448 व 469 रुपये अशी आणली, आणि जिओने दीर्घ मुदतीच्या व्हाउचरला 1,748 रुपयांत 336 दिवस दिले. 84 म्हणजे तीनदा 28 आणि 336 म्हणजे बारा वेळा 28. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरी हाती येणाऱ्या घराने एका वेळी साडेचारशे रुपये कोठून काढावेत, याचा विचार त्या नियमात दिसत नाही. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरचा कोड, सरकारी योजनांची पडताळणी सारे त्याच नंबरवर येते; म्हणून रिचार्ज टाळणे हा पर्याय राहिलेला नाही.

दर कंपन्यांनीच ठरवावेत आणि नियामकाने सहसा हात घालू नये, या धोरणाला प्राधिकरण ‘फॉरबेअरन्स’, म्हणजे संयम, म्हणते. हा संयम ग्राहकाच्या खिशातून पाळला जातो. प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. तक्रार कंपनीच्या केंद्राकडे करायची आणि तिथे दाद लागली नाही तर अपील कंपनीनेच नेमलेल्या अपिलीय प्राधिकाऱ्याकडे. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच ओसरीवर पंचायत.

तेव्हा प्रत्येक 28 दिवसांच्या प्लॅनची मुदत त्याच किमतीत 30 दिवस करावी, केवळ कॉलचे व्हाउचर 30 दिवसांसाठीही सक्तीचे करावे आणि दिवसाचा दर प्रत्येक प्लॅनपुढे ठळक छापायला लावावा. 2022 मध्ये जे बंधन एकेका प्लॅनवर घालता आले ते सर्व प्लॅनवर घालण्यासाठी प्राधिकरणाला नेमकी कोणाची परवानगी लागते, तेही उत्तरात नमूद करावे.