स्वेच्छेचे मरण, नवे जीवन
धर्मविचार । शिरूर कासार

ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्याशी एक मरण आहे. येशूला वधस्तंभावर खिळले तो उत्तम शुक्रवार आणि तो मेलेल्यांतून उठला तो रविवार, हे दोन दिवस एकमेकांवाचून अपुरे आहेत. पुनरुत्थान वगळले तर वधस्तंभ ही रोमी राजवटीने दिलेली आणखी एक देहदंडाची शिक्षा ठरते. वधस्तंभ वगळला तर पुनरुत्थान नुसता चमत्कार उरतो. त्यात प्रेम दिसत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १२व्या अध्यायात येशूने यासाठी गव्हाच्या दाण्याचा दृष्टान्त दिला आहे. दाणा मातीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो. शिरूर कासारच्या कोरडवाहू शिवारात रब्बीची ज्वारी पेरणाऱ्याला याची फोड करून सांगावी लागत नाही. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या ६व्या अध्यायात हाच विचार बाप्तिस्म्याला लावतो. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालू लागणे. अर्थात हे नवे जीवन केवळ मरणोत्तर नाही. ‘मी’पणा मरतो तेथेच ते सुरू होते. स्वतःचे मरण पाहिल्याचा तुकोबांचा अनुभव ठाऊक असलेल्या वारकरी मुलखाला ही कल्पना परकी वाटू नये. फरक इतकाच की, ख्रिस्ती माणूस ती इतिहासातल्या एका मरणाशी बांधतो आणि या वाटेने देव स्वतः आधी गेला असे मानतो.

या विचाराचा विपर्यासही सहज होतो. सोसणे हेच पुण्य असे ठरवून दुबळ्याच्या गळ्यात त्याग बांधला जातो. योहानाच्या १०व्या अध्यायात मात्र येशू स्पष्ट सांगतो की, त्याचा प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो स्वतःहून देतो. लादलेले दुःख आणि स्वेच्छेचा त्याग यांतली सीमा येथे आहे.

ती सीमा पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात ठसठशीत दिसते. विधवांवर लादलेल्या वैराग्याविरुद्ध त्यांनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. ख्रिस्ती धर्म त्यांनी १८८३ सालीच इंग्लंडमध्ये स्वीकारला होता. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून वाचवलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शिक्षण होते आणि पोटापाण्याचे हुन्नरही होते. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरीही मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे काम रमाबाईंनी थांबवले नाही. ते पुरे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

स्वेच्छेच्या त्यागाचे दुसरे उदाहरण जवळचेच आहे. शिरूर कासारच्या शेजारच्या अहिल्यानगर (तेव्हाच्या नगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून चालले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच नगरमध्ये बराच काळ काढला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि कीर्तनांत आणली. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ९ मे १९१९ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते पुढे नेले पत्नी लक्ष्मीबाईंनी. त्यांचे शालेय शिक्षण झालेले नव्हते.

त्यागाची पारख त्यागणाऱ्याच्या वेदनेवरून होत नाही; त्यातून दुसऱ्याच्या वाट्याला किती जीवन आले, यावरून होते. बळजबरीने सोसायला लावलेल्या दुःखाला वधस्तंभाचे नाव देणे हा ख्रिस्ती शिकवणुकीचाच अपमान आहे. अशा दुःखातून माणसाला सोडवणे आणि त्यासाठी स्वतःची झीज पत्करणे, हा त्या शिकवणुकीचा खरा अर्थ आहे.