क्रांती की सुधारणा? आधी विचारा, कागदावर नाव कुणाचं?

मागं एकदा अतिवृष्टीच्या पंचनाम्यासाठी एका गावात गेलो होतो. बांधावर दोघे उभे होते. एक शेतमालक, दुसरा ते शेत ठोक्यानं करणारा. सोयाबीन पेरलं दुसऱ्यानं, खत-बियाणं उधारीवर आणलं त्यानंच. पण यादीत नाव गेलं मालकाचं, कारण सातबारा मालकाचा. तो गडी म्हणाला, "साहेब, कसतो मी, बुडालो बी मीच. मग कागदात मी कुठं हाय?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

हा प्रश्न आज आठवायचं कारण आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती या माओवादी नेत्यानं साठ साथीदारांसह शस्त्रं खाली ठेवली. त्यामुळे 'बंदुकीनं काय साधलं आणि कायद्यानं काय साधलं' ही चर्चा पुन्हा सुरू झाली. समाजवादी चळवळीत हा वाद फार जुना आहे. जर्मनीत बर्नस्टाईन म्हणाले, मतपेटी, कामगार संघटना आणि कायदे यांच्या जोरावर हळूहळू समाजवाद आणता येईल. रोझा लक्झेंबर्ग यांनी १८९९ साली त्यांना उत्तर दिलं. सुधारणा हव्यातच, पण त्या साधन आहेत; सत्ता कुणाच्या हाती हा मूळ प्रश्न सोडून दिला तर सुधारणाही टिकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्या देशात हा वाद लढला गेला तो मुख्यतः जमिनीवर. म्हणून तो शेतकऱ्यानं आणि गावकामगारानं समजून घेण्यासारखा आहे.

पहिलं उदाहरण तेलंगणाचं. निजामाच्या राज्यात देशमुख-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध १९४६ मध्ये कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. चळवळीच्या नेत्यांच्या हिशेबानं सुमारे तीन हजार गावांत दहा लाख एकर जमीन वाटली गेली. पण सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जमीनदार परत आले आणि पुष्कळशी जमीन परत घेतली गेली. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा मागे घेण्यात आला. मग सगळं वाया गेलं का? तसंही नाही. १९५० साली हैदराबाद कुळवहिवाट कायदा आला, 'संरक्षित कूळ' ही नोंद आली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपल्याकडच्या कित्येक जुन्या फेरफारांत हे शब्द अजून सापडतात. उठावाची धग नसती तर हा कायदा इतक्या लवकर आला असता, असं मला वाटत नाही. पण वाटलेली जमीन हातची गेली, नोंद मात्र राहिली, हेही तितकंच खरं.

दुसरं उदाहरण पश्चिम बंगालचं. १९६७ मध्ये नक्षलबारीत बटाईदारांनी उठाव केला. २५ मे रोजी पोलिसांच्या गोळीबारात बायका-मुलांसह अकरा जण गेले. विशेष म्हणजे त्या वेळच्या सरकारात डावे मंत्री होते. तो उठाव काही महिन्यांतच मोडला. पुढं डाव्या आघाडीच्या सरकारनं १९७८ साली 'ऑपरेशन बर्गा' हाती घेतलं. बर्गादार म्हणजे आपला बटाईदार. त्याला संरक्षण देणारा कायदा १९५५ पासून होताच, पण मालकाच्या ओट्यावर बसून चौकशी केली तर गरीब माणूस तोंड उघडणार कसा? म्हणून अधिकारी संध्याकाळी बटाईदारांच्या वस्तीत जाऊन बसू लागले. नावं चारचौघांत विचारली जायची, हरकतही तिथंच ऐकली जायची आणि मग नोंद व्हायची. पाठीशी शेतकरी संघटना उभी असायची. त्याआधी १९७७ ची दुरुस्ती झाली होती, तिनं पुराव्याचा भार उलटा केला: हा माणूस बटाईदार नाही, हे मालकानं सिद्ध करायचं. अशा रीतीनं सुमारे १४ लाख नावं कागदावर चढली.

तिसरं केरळचं. १९५७ साली निवडून आलेल्या नंबुद्रिपाद सरकारनं आठवड्याभरातच कुळं काढायला बंदी करणारा वटहुकूम काढला. १९५९ मध्ये ते सरकार बरखास्त झालं. तरी जनतेचा रेटा थांबला नाही आणि १ जानेवारी १९७० पासून तिथं जमीनदारी-कुळवहिवाट संपली. कसणारं कूळ मालक झालं. झोपडीवाल्या मजुराला गावात दहा सेंट, म्हणजे आपले चार गुंठे, घराच्या जागेचा हक्क मिळाला. पण कागद हलेनात, तेव्हा या मजुरांनी आपल्या वाट्याच्या जागेला स्वतःच कुंपणं घातली.

आता क्रांतीवाल्यांचा आक्षेपही ऐकू. केरळात मळे कायद्यातून सुटले आणि शेतावर राबणाऱ्या दलित मजुराच्या पदरात चार गुंठ्यांपलीकडे फारसं पडलं नाही. बंगालात बटाईदार मालक झालाच नाही. ज्यांनी नावं चढवली त्याच सरकारनं २००६ मध्ये सिंगूरला कारखान्यासाठी जमीन घेतली आणि २०११ मध्ये सत्ता गमावली. हा आक्षेप खोडता येण्यासारखा नाही. सुधारणा अर्ध्यावर थांबते, ही गोष्ट खरी.

तरीपण तिन्ही ठिकाणचा धडा मला एकच दिसतो. लोकांचा रेटा नसेल तर कायदा दप्तरात पडून राहतो, आणि नोंद नसेल तर रेट्यानं मिळवलेलं पुढच्या वाऱ्यासरशी उडून जातं. आपल्याकडं १९४८ चा कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. पुष्कळ कुळं मालक झाली. पण जिथं संघटना नव्हती तिथं 'राजीखुशीनं' जमीन सोडल्याचे कागद झाले, हेही जुन्या माणसांना ठाऊक आहे.

त्या कायद्याची भीती मालकाच्या मनात आजही आहे. नाव लागलं तर कूळ लागेल, म्हणून ठोका-बटाई तोंडीच चालते. मालकाची भीती अगदीच खोटी म्हणता येत नाही. त्यातले बरेच जण दोन-चार एकरवालेच आहेत. पण त्यापायी कसणाऱ्याला पीककर्ज नाही, विमा काढायचा तर करारपत्र नाही, पीएम-किसानही जमीनधारकालाच.

यावर तोड आहे. नीती आयोगानं २०१६ मध्ये नमुना कायदा सुचवला: मालकी अबाधित, पण भाडेपट्टा लेखी. आंध्र प्रदेशानं २०१९ च्या कायद्यानं कसणाऱ्याला अकरा महिन्यांचं कार्ड दिलं. मात्र त्यावर मालकाची सही लागते आणि गाडं तिथंच अडतं. म्हणजे पुन्हा तेच, गावाचा रेटा हवा.

सरपंच, तलाठी भाऊसाहेब आणि आम्ही कृषी खात्याची माणसं एवढं तरी करू शकतो. पेरणी झाल्यावर ग्रामसभेत गटनंबरवार यादी वाचावी, कुठलं शेत कोण करतंय. तिला कायद्याचं बळ नाही, पण नुकसानीच्या वेळी मालक आणि कसणारा यांच्यात समझोता करायला ती उपयोगी पडेल. कर्जासाठी चार ते दहा ठोकेदारांनी मिळून संयुक्त देयता गट करावा. बँकेत त्याची तरतूद आहे.

क्रांती व्हावी की सुधारणा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. बांधावरच्या त्या गड्याला मात्र पुढच्या पंचनाम्याच्या आत उत्तर पाहिजे.